जपून, लाट आहे

"जपून, लाट आहे," असं म्हणून काका पँट गुडघ्यापर्यंत वर ओढत आणि उंबऱ्यावरून उंच पाऊल टाकून आत जात. मागून येणाऱ्यालाही तसंच जावं लागे. बाहेर पाहाल तर समुद्राचा पत्ता नाही. समोर रस्ता, पलीकडे कॉन्डो, त्याच्याही पलीकडे पार्क. पण समुद्रात भराव पडण्याआधी भरतीचं पाणी या पायरीपर्यंत यायचं, असं ते सांगत. मग बँकेतले मोठाले मॅनेजरसुद्धा मुकाट्याने पाय उचलत.

आमच्या या बेटावरच्या शहरात, ईस्ट कोस्टच्या एका जुन्या बंगल्यात तीन खोल्यांचं ते संग्रहालय होतं. एके काळी तिथे ज्यू कुटुंबं सुट्टीला येऊन राहत. महिना-महिना मुक्काम, पोहणं, पत्ते, आणि जेवणाची घंटा झाली की सगळे लांब टेबलाभोवती. ती घंटा, लोकरीचे पोहण्याचे पोशाख, वेताच्या आरामखुर्च्या आणि भिंतभर फोटो, एवढाच काय तो ऐवज. दर रविवारी हे सत्तरीतले गृहस्थ तो दाखवत. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर छोटी गोल टोपी, आणि इंग्रजी इतकं जपून बोलत की जणू उसनं आणलंय.

सार्सची साथ ओसरली त्या वर्षी मी तिथे पहिल्यांदा गेलो. फोनवर बायकोशी मराठीत हुज्जत घालत उभा होतो. मागून आवाज आला, "अरे बाबा, तिचंच बरोबर असणार." मी दचकून वळलो. काका निघाले बेने इस्रायली, म्हणजे अलिबागकडचे मराठी ज्यू. बायको गेल्यापासून, म्हणजे दहा वर्षं, ते कोणाशी मराठी बोलले नव्हते. त्यानंतर मी बऱ्याच रविवारी जाऊ लागलो. आपण म्हाताऱ्यावर उपकार करतोय, असा माझा समज होता.

त्यांची फेरी नेहमी खिडकीजवळच्या खुर्चीपाशी संपे. पाठीवर हात ठेवून ते सांगत, "माय मदर सॅट हिअर. आय सॅट देअर. अँड द होल सी इन द विंडो." लोक हळवे होत. एका ऑस्ट्रेलियन बाईंनी तर चक्क रडून घेतलं होतं.

एकदा सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "इंग्रजीत सांगतो ते मनावर घेऊ नकोस हां. मी इथला स्वयंपाकी होतो."

"आणि आई?"

"आई कुठली? ती गावाला. तिने आगबोटसुद्धा आतून पाहिली नाही."

त्यांच्यात मटणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून सगळं नारळाच्या रसात. तो रस्सा मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याला आवडला आणि त्याने यांना इकडे धाडलं. नऊ वर्षं त्यांनी त्या टेबलावर वाढलं. टेबलाशी एकदाही बसले नाहीत. त्या समुद्रात पायही घातला नाही.

"मग खोटं कशाला सांगता, काका?"

"ते लोक गेले. कोणी लंडनला, कोणी सिडनीला. आठवणी इथंच टाकून गेले, मी उचलल्या. रविवारचे तीन तास मीही पाहुणा होतो, कुणाचं काय जातं?" मग खुर्ची खिडकीपाशी नीट सरकवत म्हणाले, "मराठीत मात्र खोटं बोलवत नाही. आई ऐकतेय असं वाटतं. हे तुझ्यापाशीच राहू दे."

मी मान डोलावली. मान मी फार छान डोलावतो. ऑफिसात त्यावरच माझं निभतं.

पुढे आमच्या मराठी मंडळाची सहल मीच तिथे नेली. शहरातल्या सेरंगून, क्वीन्सटाउन, कुठल्या कुठल्या भागांतून तीसेक माणसं आली. एवढा घोळका पाहून संग्रहालयाच्या समितीच्या बाईही हजर. सकाळपासून मी सगळ्यांना हसवत होतो, आणि हसणं थांबलं की मला करमत नाही. आमची पोरं इंग्रजीवाली, म्हणून काका इंग्रजीत सांगत होते. खिडकीपाशी आले, खुर्चीवर हात ठेवला. "माय मदर सॅट हिअर..."

"काका, यू वेअर द कुक!" मी मोठ्याने म्हणालो. "युअर मदर वॉज इन अलिबाग!"

हशा पिकला. काय सांगू, मला तेव्हा फार बरं वाटलं. एका पोराने इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारलं, "सो अंकल ब्लफ अस, आह?" त्यावर दुसरा हशा, पहिल्याहून मोठा. काकांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला. समितीच्या बाईंचे डोळे चमकले. "अवर ओन कुक! बट दॅट्स वंडरफुल!"

तोंड दाखवायला मला दोन महिने लागले. गेलो तेव्हा दारात एका मुलीने हेडफोन दिले. कानात कुणीतरी समुद्राची माहिती सांगू लागलं. तिसऱ्या खोलीचं आता स्वयंपाकघर केलं होतं. चूल, पातेली, आणि मध्ये काका. अंगात पांढरा कोट, छोट्या गोल टोपीवर स्वयंपाक्याची उंच टोपी, हातात रिकामा डाव. लोक शेजारी उभं राहून फोटो काढून घेत होते. बाईंनी त्यांच्यासाठी 'अवर ओन कुक' अशी पाटीही लावली होती.

गर्दी सरल्यावर मी जवळ गेलो. "काका, चुकलं माझं. माफ करा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. ओळख होती डोळ्यांत, सगळी होती.

"आय डोन्ट फॉलो, सर," ते म्हणाले. "द एक्झिट इज धिस वे."

मी दारापर्यंत आलो. सवयीने पँट गुडघ्यापर्यंत ओढली, पाय उचलला आणि तसाच उभा राहिलो. मागून 'जपून, लाट आहे' असं कुणी म्हणालं नाही. ती हेडफोनवाली मुलगी मात्र हसली.