काळ्या मातीतलं अर्थिंग

सांगलीच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खोलीत मी एकटीच उरले होते. त्याआधी आम्ही दोघी होतो.

कचेरी पाटबंधाऱ्यांची. नदीवर ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजली जायची, ते आकडे पोस्टाने आमच्याकडे यायचे आणि त्यावरून किती पाणी वाहून गेलं हे आम्ही काढायचो. माझ्यासमोर बसणाऱ्या बाई मेढ्याकडच्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. नवरा सैन्यात होता, तो गेल्यावर त्या नोकरीला लागलेल्या. त्या कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचायच्या, मी तो हातानं फिरवायच्या गणनयंत्रात भरून मूठ फिरवायचे आणि आलेलं उत्तर सांगायचे, त्या ते लिहून घ्यायच्या. दुपारच्या चहानंतर आम्ही कामं बदलायचो. चार वर्षं हे चाललं. मध्येच त्या, "सात दशांश चव्वेचाळीस, आणि डोळे का गं सुजलेत तुझे?" असं एका दमात विचारायच्या, आणि मीही आकडा भरता भरता उत्तर द्यायचे.

कॉम्प्युटर मंजूर झाल्याचं पत्र आलं आणि थोड्याच दिवसांत बाईंची साताऱ्याला बदली झाली. आता वाचून दाखवणाऱ्या माणसाची गरज राहणार नाही, असं साहेबांनी सरळच सांगितलं. बाईंना फारसं वाईट वाटलं नाही. साताऱ्याहून मेढा जवळ, आणि मुलगी साताऱ्यातच शिकायला होती. वाईट मला वाटलं. एस. टी. स्टँडवर त्या मला म्हणाल्या, "माझ्या जागी येतंय ते. नीट लाव हं त्याला."

माझं घर कवठे महांकाळकडं. सांगलीत गावभागात एक खोली घेऊन मी राहत होते. सकाळी वातीच्या स्टोव्हवर भात लावायचा, डबा भरायचा, कचेरी, आणि परत येऊन पुन्हा तोच स्टोव्ह. बाई गेल्यावर असे दिवस येऊ लागले की संध्याकाळी कुलूप उघडताना लक्षात यायचं, आज आपण कुणाशी चार वाक्यंही बोललेलो नाही. कचेरीत बाकी सगळे पुरुष. ते वाईट नव्हते, पण त्यांच्या गप्पा त्यांच्या असायच्या.

मे महिन्यात मुंबईहून ट्रकमधून खोकं आलं. चौघांनी धरून ते आत आणलं. फळ्यांवर बाण काढलेले होते, कुठली बाजू वर ठेवायची ते कळावं म्हणून. मशीन परदेशी बनावटीचं. विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येऊन ते लावून देणार होता, पण त्याच्याऐवजी तार आली. त्याला तीन आठवडे यायला जमणार नव्हतं. तोवर लावून ठेवा, चालू करून बघा, अडचण आली तर कळवा, असा त्या तारेचा अर्थ. हेडक्लार्कनी हात झटकले. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की पुण्याला जाऊन तुम्ही आठ दिवस शिकून आलाय, तेव्हा हे तुम्हीच बघायचं. पुण्यात मशीन आधीपासून लावलेलंच होतं. त्यावर काम कसं करायचं एवढंच आम्हाला शिकवलं होतं.

खोक्यात वरच एक छापील कागद होता. सोबतचं जाड पुस्तक साहेबांनी आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं, हरवू नये म्हणून. मग त्या एका कागदावरूनच मी सुरुवात केली. खोकं उन्हातून आलं होतं म्हणून एक दिवस तसंच बंद ठेवलं. टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पत्र्याचा तुकडा घातला. खिडकीला जाड पडदा लावून घेतला. मशीनच्या मागं हवा खेळायला वीतभर जागा सोडायची होती, ती अंतर मोजून सोडली. धूळ बसू नये म्हणून फरशी झाडायचं बंद करून ओल्या फडक्यानं पुसायला लावली. गड्यानं दोन दिवस पुसली, तिसऱ्या दिवसापासून मीच पुसू लागले. कागदावर शेवटचं वाक्य ठळक अक्षरात होतं: अर्थिंग पक्कं असल्याशिवाय मशीन चालू करू नये.

आमचा वायरमन माण तालुक्यातला. सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी करून आलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं एका होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावला आणि वायरचं एक टोक भिंतीतल्या प्लगच्या वीज येते त्या भोकात, दुसरं अर्थच्या भोकात धरलं. बल्ब लागला, पण काजव्यासारखा. त्यानं मला जवळ बोलावून तो दाखवला.

"बघा ताई. अर्थ चांगली असली तर ह्यो बल्ब लख्ख लागाय पायजे. जमीन वाळलीया, दुसरं काय न्हाई."

कचेरीच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता. तांब्याचा पत्रा पुरून भोवती कोळसा आणि मीठ घालायचं, वरून नळीतून पाणी सोडत राहायचं, म्हणजे जमीन ओली राहते आणि मशीनमध्ये काही बिघडलं तर वीज सरळ मातीत उतरते, हात लावणाऱ्याच्या अंगात जात नाही. हे सगळं त्यानंच मला समजावून सांगितलं. खड्डा कुणी शेवटचा भिजवला होता ते कुणालाच आठवत नव्हतं. उन्हानं काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तो म्हणाला, नवा कोळसा आणि मीठ भरून आठ-दहा दिवस पाणी मुरवावं लागेल.

पण इकडे साहेबांनी शुक्रवार ठरवून टाकला होता. वरच्या कचेरीतले मोठे साहेब मशीन बघायला येणार होते. हार सांगून झाला होता, नारळ आणला होता. मी जाऊन अर्थिंगचं सांगितलं तेव्हा साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "दिवे लागतायत ना? पंखे फिरतायत ना?"

"त्यांना चालतं साहेब. ह्याला नाही चालणार."

मग त्यांनी मान वर केली. शांतपणेच बोलले ते. मोठ्या साहेबांसमोर पाच मिनिटं मशीन चालू करायचं, मग बंद करायचं, पाच मिनिटांत काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, "मी बटण दाबणार नाही. दुसऱ्या कुणी दाबलं तर माझी हरकत नाही, पण मग मशीन चालू केल्याच्या कागदावर माझी सही नको."

असं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. साहेब म्हणाले, जा.

दुसऱ्या कुणी बटण दाबलं नाही. शुक्रवारी मोठे साहेब आले, प्लास्टिकचं कव्हर घातलेल्या मशीनला हार घातला, नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि मिरजेकडं निघून गेले. मशीन बंद का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पण आमच्या साहेबांना अपमान वाटला होता आणि तो सगळ्या कचेरीला कळला होता. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही कुणी फारसं बोलेना. चहा यायचा, टेबलावर ठेवून पोऱ्या निघून जायचा. बाईमाणसाला विजेची भीती वाटायचीच, असं कुणीतरी व्हरांड्यात बोललेलं मी ऐकलं. वायरमनची दुसऱ्या कामावर नेमणूक झाली. त्यानं जायच्या आधी खड्डा उकरून कोळसा-मीठ भरून दिलं आणि पाणी रोज घाला एवढं सांगितलं.

मग सकाळी कचेरी भरायच्या आधी दोन बादल्या आणि सुटल्यावर दोन बादल्या, असं मी पाणी घालू लागले. नळ पुढच्या अंगणात, खड्डा मागं. पदर खोचून बादली नेताना खिडकीतून लोक बघायचे. पहिले दोन दिवस पाणी ओतलं की क्षणात नाहीसं व्हायचं, जमीन जणू भिजतच नव्हती.

सोमवारी साहेबांनी कपाटातलं जाड पुस्तक काढून शिपायाबरोबर पाठवलं. सोबत निरोप होता, सगळं वाचा म्हणजे भीती जाईल. टोमणाच होता तो, पण मला पुस्तक हवंच होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी पान न पान वाचू लागले. तिसऱ्या दिवशी एका पानावर एक चित्र दिसलं. मशीनच्या मागं, खाली, नखाएवढी एक सरकपट्टी असते. मशीन किती व्होल्टवर चालवायचं ते तिच्यावर ठरतं. ज्या देशात मशीन बनतं तिथं घरात वीज एकशे पंधरा व्होल्टची असते, आपल्याकडं दोनशे तीस. म्हणून मशीन लावण्याआधी ती पट्टी बघून घ्यावी, नाहीतर आतले भाग जळतील, असं लिहिलं होतं.

मी उठून टेबलाच्या मागं गेले, बॅटरीचा उजेड पाडला. पट्टीवर एकशे पंधराचा आकडा होता.

त्या शुक्रवारी मी अर्थिंगसाठी अडून बसले होते. ह्या पट्टीबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. बल्ब लख्ख लागला असता तर मीच सगळ्यांसमोर, हार घातलेल्या मशीनचं बटण हौसेनं दाबलं असतं. मी शहाणी होते म्हणून मशीन वाचलं नव्हतं. जमीन वाळलेली होती म्हणून वाचलं होतं.

हे कुणालातरी सांगावंसं वाटलं. समोर बाईंचं टेबल होतं, त्यावर आता रिकाम्या फायली ठेवल्या होत्या. साहेबांना सांगितलं असतं तर मी त्यांना कमीपणा आणायला आले असं वाटलं असतं, आणि खरं सांगायचं तर माझीही लाजच निघाली असती. मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पट्टी दोनशे तीसवर सरकवली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे फ्यूजही बदलला. दुसरा फ्यूज एका पिशवीत घालून मशीनच्या पाठीलाच चिकटवलेला होता. मग कव्हर घातलं आणि पाण्याची बादली घ्यायला गेले.

पाणी घालायला लागल्यापासून बाराव्या दिवशी वायरमन वेळ काढून आला. त्यानं बल्ब धरला आणि तो एकदम इतका लख्ख लागला की मी डोळे मिटले. "आता लावा बिनघोर," तो म्हणाला. खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेब दौऱ्यावर होते. आधी मशीनसाठी घेतलेला, विजेचा दाब सारखा राखणारा स्टॅबिलायझर चालू केला, त्याचा काटा दोनशे तीसवर स्थिर होईपर्यंत थांबलो, आणि मग मी मशीनचं बटण दाबलं. आतला पंखा घुमू लागला. काही वेळानं काचेवर हिरवी खूण लुकलुकायला लागली. मी मशीनच्या पत्र्यावर उलटा हात टेकवून बघितला. झटका बसला नाही. वायरमननं माझ्याकडं बघून मान हलवली, हत्यारं पिशवीत भरली, आणि चहाला थांबा म्हटलं तर गावाकडची गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

मी एका ठिकाणचे वर्षभराचे आकडे भरले. आम्हा दोघींना ज्याला आठ दिवस लागायचे ते काम दुपारी जेवायच्या आत झालं. अरुंद कागदावर छापलेली उत्तरं बाहेर येत राहिली. बाईंच्या अक्षरातलं जुनं रजिस्टर काढून मी ती ताडून बघितली. सगळी जुळली. त्यानंतर उरलेला दिवस काय करावं ते मला कळेना.

तारेत सांगितलेले तीन आठवडे उलटल्यावर इंजिनिअर आला. त्यानं मशीन मागून-पुढून बघितलं, पट्टी बघितली, फ्यूज बघितला, अर्थिंग तपासलं आणि विचारलं, हे कुणी लावलं? हेडक्लार्क म्हणाले, आमच्या कचेरीनं. तो बरं म्हणाला, सही केली आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. साहेबांनी संध्याकाळी मला बोलावून काम चांगलं झालं म्हणून सांगितलं. शुक्रवारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. हळूहळू लोक पूर्वीसारखे बोलू लागले. पूर्वीसारखे म्हणजे फार नाहीच.

पावसाळ्यानंतर मला कामासाठी साताऱ्याच्या कचेरीत जावं लागलं. जिन्यातच बाईंचा आवाज ऐकू आला. त्या आकडे वाचत होत्या, आणि त्यांच्यासमोर एक नवी मुलगी मूठ फिरवत होती. साताऱ्याला अजून मशीन आलेलं नव्हतं. मी दारात उभी राहिले. आकडा पुरा झाल्यावर त्यांनी वर बघितलं आणि उठून माझे दोन्ही हात धरले. लय वाळलीस गं, म्हणाल्या.

दुपारी कचेरीबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही डबे उघडून बसलो. ती नवी मुलगीही आली होती. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मी बाईंना पट्टीचं सगळं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं, तरी त्यांना विजेचं किती कळलं कोण जाणे. पण त्या जेवायच्या थांबल्या.

"आणि हे तू एवढे दिवस कुणाला बोलली न्हाईस?"

"कुणाला बोलणार?"

"मला पत्र टाकायचंस की गं."

खरंच, पत्र टाकता आलं असतं. पोस्ट आमच्या कचेरीपासून पाच मिनिटांवर होतं. रोज आकड्यांची पाकिटं घेऊन शिपाई तिथूनच यायचा. बदली होऊन गेलेल्या माणसाला पत्रानं गाठता येतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. तेवढ्यात ती मुलगी तांब्या घेऊन आली, आणि बाईंनी तिच्या डब्यातली उसळ माझ्या पोळीवर वाढली.

सांगलीला परतल्यावर मी दहा आंतरदेशीय पत्रं आणली. पहिलं पत्र मशीनचं काम चालू असतानाच, त्याच्या शेजारी बसून लिहिलं. त्यात मशीनचं काही नव्हतं. घरमालकिणीच्या मांजरीला पिल्लं झाली होती, त्याबद्दल लिहिलं होतं. उत्तर यायला महिना लागला.