मी काही केलं नाही

हेर ब्रांट, म्हणजे आपले ब्रांटसाहेब, यांचा आवाजच असा, की ते कुजबुजले तरी हॉलभर ऐकू जावं. शनिवारच्या सामन्याला ते नेमके ऊर्मिलाच्या मागच्या ओळीत बसायचे आणि तिच्या नवऱ्याची यथासांग उत्तरपूजा करायचे.

"फिन तीन वर्षं जयंतकडे होता. काय झालं त्याचं? कोलोनला गेला आणि सहा महिन्यांत चमकला! माणूस सज्जन आहे हो, पण खेळाडू घडवणं त्याला जमत नाही."

शेजारचा कुणी हळूच म्हणायचा, "पाया तर इथेच घातला ना?"

"पाया कुणाला दिसतो?"

की पुन्हा वाद पेटायचा. ज्यांनी आयुष्यात कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता, तेही हिरिरीने बोलायचे. ऊर्मिला मांडीवर रव्याच्या केकचा डबा घेऊन ऐकत राहायची. बावीस वर्षं जर्मनीत काढल्यावर भाषा समजत नाही असं सोंग घेण्याचीही सोय नव्हती.

जयंत कारखानीस एके काळी सांगलीतल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन. नोकरीसाठी र्युसेल्सहाइमला आला, दिवसभर गाड्यांच्या ब्रेकचं काम करू लागला, आणि संध्याकाळचा जीव रमवायला गावातल्या फेराइनमध्ये, म्हणजे सभासदांनीच चालवलेल्या क्लबात, कॉलेजच्या पोरांना शिकवू लागला. फुकट. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारचा सामना. ऑफिसात त्याला कुणी काही म्हणालं तर तो मनावर घेत नसे. पण मंगळवारी पाऊण तास आधी बूट घालून दारात उभा असे.

फिन आला तेव्हा त्याचा डावा हात नुसता शोभेला होता. जयंतने अख्खा हिवाळा पहाटे सहाला हॉल उघडून त्याला उजवा हात पाठीशी धरायला लावला आणि डाव्याने खेळवलं; पुढे तीच सवय बाकीच्या पोरांनाही लावली. पोरगा तयार झाला, तेव्हा ऊर्मिलाच्या पन्नासाव्या वाढदिवशी हा सद्गृहस्थ त्याला गाडीत घालून कोलोनच्या मोठ्या क्लबात निवड चाचणीला घेऊन गेला. "त्याला इथे अडकवून ठेवणं बरं नव्हे," एवढंच म्हणाला. फिन गेला, आणि त्याच्यामागे संघ हरत सुटला.

वसंतात फेराइनची वार्षिक सभा लागली. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता नवा ट्रेनर. कोलोनला शिकणारी लेक ईप्सिता आदल्या दिवशी फोनवर नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच म्हणाली, की पापाने हे सगळं स्वतः सांगायला हवं, दुसरं कुणी सांगणार नाही.

"ऐकलंत ना?" ऊर्मिला म्हणाली. "अहो, उद्या बोला. पहाटेचं सांगा, कोलोनचं सांगा."

"बघू."

"बघू नाही. मंगळवार-गुरुवार गेले तर तुम्ही करणार काय?"

जयंत बूट पुसायला बसला. केलेलं बोलून दाखवू नये, या संस्कारात तो वाढला होता, आणि खरं सांगायचं तर तीही.

रविवारी सकाळी हॉल भरला. अध्यक्षबाईंनी सरळच विचारलं, "जयंत, फिन तीन वर्षं तुझ्याकडे होता. त्याच्यासाठी तू नेमकं काय केलंस?" विचारण्यात खोच नव्हती. उलट त्यांनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं होतं.

जयंत उभा राहिला, हात जोडल्यासारखे केले आणि हसून म्हणाला, "मी काही विशेष केलं नाही. मेहनत सगळी त्याची."

आणि तो तसाच उभा राहिला. तो कशासाठी थांबलाय हे त्या दीडशे माणसांत एकट्या ऊर्मिलाला कळलं. आपल्याकडे हे वाक्य झालं की चार जण उठतात. 'छे छे, असं कसं, तुम्ही नसता तर...' म्हणतात, आणि मग ती चार माणसं सगळं सांगतात. इथे कुणी उठलं नाही. इथे माणूस जे बोलतो ते खरं धरतात. टिपणं घेणाऱ्या मुलीने मान वर करून विचारलं, "असंच लिहू?"

"गेनाऊ," म्हणजे अगदी तसंच, जयंत म्हणाला आणि खाली बसला.

ऊर्मिलाच्या ओठांपर्यंत आलं होतं सगळं. पण बायकोनेच उठून नवऱ्याचे गोडवे गायचे? लोक काय म्हणतील? लोक काहीही म्हणाले नसते. त्यांनी नुसतं लिहून घेतलं असतं. ती गप्प बसली, आणि नव्या ट्रेनरसाठी हात वर झाले.

सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्याला जयंत गेला नाही. "तू केक घेऊन जा, पोरं वाट बघतील," म्हणाला. ती गेली. मागच्या ओळीत हेर ब्रांट खुशीत होते. "पोरांचे डावे हात बघा! तीन महिन्यांत घडवली याने!"

ऊर्मिला वळली आणि तिने सगळं सांगितलं. पहाटेचे सहा, पाठीशी धरलेला हात, वाढदिवस, कोलोन. 

 माणूस वाईट नव्हता. चेहरा उतरला होता ब्रांटांचा. "पण ते स्वतःच म्हणाले, काही केलं नाही म्हणून," ते म्हणाले. "आम्ही विश्वास ठेवला त्यांच्यावर. आणि तुम्ही तर तिथेच होतात ना?"



घरी आली तेव्हा जयंत खिडकीशी बसला होता. पायात खेळायचे बूट होते.

"कशी खेळली पोरं?"

"छान. डावा हात सगळ्यांचा छान चालतोय." ती त्याच्यासमोर बसली. "तुम्ही घडवलीत ती."

"मी कुठे काय केलं," तो सवयीने म्हणाला. आणि त्या दिवशीसारखाच क्षणभर थांबला.

"छे छे," ऊर्मिला म्हणाली, "असं कसं? तुम्ही नसता तर..."

 जयंतने मान खाली घातली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. त्याच्या बोटांना त्या सुटेनात. शेवटी तिनेच खाली बसून त्या सोडल्या.