नामपूरचा फोटो

दिंडोरी मागं पडून तास झाला, तेव्हा वेणीमाधवकाका पहिल्यांदा टेकले. एका द्राक्षबागेच्या बांधावर बसले, खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली आणि चपला काढून तळव्यांकडे बघत राहिले. पंचवटीहून सप्तशृंगी गडावर पायी निघालेली बाकीची मंडळी झेंडा घेऊन पुढं गेली होती. चैत्राचं ऊन अजून कोवळं होतं. बागांची छाटणी नुकतीच उरकली होती आणि वेलींचे बोडके हात तारांवर पसरले होते.

इंदिरा त्यांच्यासाठी थांबली. पंचाहत्तरीच्या माणसाला रस्त्यात एकटं टाकून देवीपुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"काका, पिशवी द्या इकडे."

"नको. हलकी आहे."

"हलकी आहे तर सकाळपासून खांदे का बदलताय?"

"बाई, तुम्ही शाळेतून रिटायर झालात ना? मग तपासणी कशाला चालू ठेवलीय?"

इंदिरा हसली आणि शेजारी बसली. काकांना ती लग्न होऊन पंचवटीत आली तेव्हापासून ओळखत होती. त्यांचा स्टुडिओ तिच्या सासरच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी नव्या जोडीला रामाच्या दर्शनाला नेलं आणि येता येता फोटोला बसवलं. त्या फोटोत आपल्या नवऱ्याचे कान लाजून लाल झालेले दिसतात, असं इंदिरा अजून म्हणते. फोटो काळापांढरा आहे.

काकांचं घराणं उपाध्यांचं. तिघे थोरले भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. घरात लाल कापडात बांधलेल्या वह्या. कुठल्या गावचं कोण, कधी आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, सगळं त्यात गाववार लिहिलेलं. चौथ्या वेणीमाधवला मंत्रांपेक्षा माणसांची तोंडं बघण्यात गोडी. त्यानं जुना कॅमेरा घेतला तेव्हा वडिलांनी वर्षभर बोलणं टाकलं. शेवटी म्हणाले, "वह्या लिहीत नाहीस तर नको लिहू. पण आलेल्या माणसाची नोंद तरी नीट ठेव."

ती नोंद त्यांनी ठेवली. प्रत्येक फोटोची निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटं तारखेनं नाही, तर गावानं लावलेली. चांदवडचा माणूस वीस वर्षांनी आला आणि म्हणाला, "आमच्या बापाचा फोटो काढला होता तुम्ही," तर काका चांदवडच्या खोक्यात हात घालायचे आणि बाप काढून द्यायचे.

रोलमध्ये बारा फोटो. एका कुटुंबाला एकच. त्यामुळे काका बटण दाबायची घाई करत नसत. "हसा" असं ते कधीच म्हणत नसत. नवराबायको हातभर अंतर ठेवून बसले की विचारायचे, "मधे कोण बसणार आहे? पाहुणा यायचाय का?" मग दोघं कसनुसं होऊन सरकायची. "आज घरून खायला काय आणलंय?" असं विचारलं की नवरा हटकून बायकोकडे बघायचा. ती नजर परत फिरता फिरता काका काम उरकून टाकायचे. आता त्या जागी पुतण्याचं मोबाइलचं दुकान आहे. खोकी तेवढी माळ्यावर आहेत.

पाणी पिऊन दोघं उठली. चालता चालता इंदिरा सहज म्हणाली, "दर्शन झालं की मी काही तुमच्याबरोबर परत येत नाही. गड उतरून नांदुरीला सटाण्याची गाडी धरणार. दोन दिवस माहेरी."

"माहेर कुठलं?"

"नामपूर. पस्तीस वर्षं झाली की काका. आमच्या फोटोच्या पाकिटावर काय लिहिलंत मग?"

"तुमच्या सासरचं गाव," काका म्हणाले. "लेक दिली की ती आमच्या वहीत सासरच्या पानावर जाते." आणि त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मैलभर चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नामपुरात वत्सलाबाई म्हणून कोणी आहेत? कांद्याच्या मार्केटच्या मागं राहायच्या. मालकांचं नाव हिरामण."

"आहेत की. आमच्या घरापासून तिसरं घर. हिरामणबाबा मी शाळेत शिकत होते तेव्हाच गेले."

"बाई ठणठणीत आहेत?"

"ठणठणीत. सुनांना अजून पळवतात. का हो?"

काकांनी पिशवीवर हात ठेवला. "त्यांचा फोटो आहे यात. बारा वर्षं झाली, दरवर्षी गडावर घेऊन येतो. ठरवून येतो, की दर्शन घ्यायचं आणि तसंच नामपूरला जायचं. नांदुरीच्या फाट्यावर सटाण्याची गाडी समोर उभी असते, आणि मी नाशिकच्या गाडीत जाऊन बसतो."

मुलं खरं सांगायला लागली की मधे बोलायचं नसतं, हे तिला शाळेनं शिकवलं होतं.

"लग्नसराई होती," काका सांगू लागले. "दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हिरामण आणि वत्सलाबाई आदल्या आठवड्यात जोडीनं फोटो काढून गेले होते, तो न्यायला आले. मी पाकीट दिलं. त्यानं बघितला, खूश झाला. तिनं बघितला आणि म्हणाली, 'हाई तोंड त्यासनं नही शे.' हे तोंड यांचं नाही. मी म्हटलं, बाई, नीट बघा. ती म्हणाली, बघितलं. यांचं नाही."

"मग?"

"मग मी विनोद केला." काका म्हणाले. मागून ट्रॅक्टर आला, त्याला वाट द्यायला ते कडेला सरकले. "म्हटलं, 'अठरा वर्षं संसार केला, मालकांकडे कधी मान वर करून बघितलंच नाही का?' सगळं दुकान हसलं. हिरामणही हसला. म्हणाला, 'आरसामा माले रोज हाऊच दिखस.' आरशात मला रोज हाच दिसतो. तिनं पदर पुढं ओढला आणि परत तोंड उघडलं नाही."

हिरामण दोन वर्षांत तापानं गेला. मुलगा तोच फोटो घेऊन आला, भिंतीवर लावायला त्यातला बाप तेवढा मोठा करून द्या म्हणाला. निगेटिव्ह शोधायचा कंटाळा, म्हणून काकांनी फोटोवरूनच फोटो काढून दिला. पुढं काळ बदलला, रोल मिळेनासे झाले. अंधारखोली बंद करायची म्हणून काका एकेक पाकीट उजेडात धरून बघत होते. नामपूरच्या खोक्यातलं ते पाकीट हाताला लागलं.

"निगेटिव्हला दोन बाजू असतात," ते म्हणाले. "एक चकचकीत, एक मंद. छापताना मंद बाजू कागदाकडे यावी लागते. त्या दिवशी घाईत मी ती उलटी घातली होती. उजवं ते डावं झालं. त्याचा भांग डावीकडून उजवीकडे गेला. गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर. भुवई एक जरा वर चढलेली होती, ती दुसरी झाली. आपण स्वतःला आरशात उलटेच बघतो, म्हणून त्याला तो बरोबर वाटला. तिनं अठरा वर्षं त्याला समोरून बघितलं होतं."

"आणि त्यांचं स्वतःचं? नाकातली चमकी?"

"ती पण उजवीकडे गेली होती. पण ती तिला कुठं दिसणार? तिनं त्या फोटोत स्वतःकडे बघितलंच नाही."

नामपूरला त्या घरात ती शंभर वेळा गेली असेल. हिरामणबाबांचा फोटो ओसरीवर आहे, पण हार घालतात त्या सुना. वत्सलाबाई त्याला हात लावत नाहीत. पितृपंधरवड्यात, नवऱ्याच्या तिथीला त्या पाटावर त्याच्या जागी सुपारी मांडतात आणि तिला गंध लावतात. फोटो असताना सुपारी कशाला, म्हणून गल्लीनं किती नावं ठेवली. जितेपणी पटलं नसेल, म्हणून मेल्यावरही तोंड बघवत नाही, असं बायका बोलायच्या. इंदिराची आई बोलायची. एकदा न्हाऊन केस पुसता पुसता इंदिराही बोलली होती.

तिनं हे सगळं काकांना सांगितलं, आपलंही सांगितलं. काकांनी चालणं थांबवलं. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ होती, तिच्या सावलीत गेले.

"सुपारी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं?"

"हो."

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट काढली. पत्र्याच्या डब्यात छपाईचा शेवटचा कागद ठेवला होता, त्यावर त्यांनी तो फोटो सुलटा छापला होता. इंदिरानं बघितलं. लहानपणी कांद्याच्या गाडीवर उभा राहून हाका मारणारा हिरामणबाबा, एक भुवई वर, आता काहीतरी गंमत बोलेल असा. भिंतीवरच्या फोटोत तिनं त्याला कधी ओळखलं नव्हतं, आणि का, ते आत्ता कळलं. तिनं नकळत हात जोडले.

"माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "परवा मी त्यांच्या हातात देते. तुम्हाला गाडीचे धक्के सोसवायचे नाहीत."

काकांनी चौकट परत गुंडाळली. दोरी बांधायला त्यांना वेळ लागला. डोळ्यांनी आता जवळचं नीट दिसत नव्हतं. इंदिरानं हात पुढं केला, पण त्यांनी गाठ स्वतःच मारली.

"बारा वर्षं हाच विचार केला," ते म्हणाले. "कुणाच्या तरी हाती पाठवून द्यावा. पोस्टानं पाठवावा. पण फोटो पाठवला तर फोटो पोचेल. मी बाईंचं हसं केलं होतं, ते तिथंच राहील."

"मग चला माझ्याबरोबर. सटाण्याच्या गाडीत शेजारी बसा. नाशिकच्या गाडीकडे मी बघूच देत नाही तुम्हाला."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. वणीकडे जाणारा रस्ता पुढं उन्हात पांढरा पडला होता. त्याच्या टोकाला गडाचा डोंगर निळसर दिसत होता. काकांनी लांबूनच त्याला नमस्कार केला आणि इंदिराकडे वळले.

"येतो. पण माझं एक काम करा. दारात माझ्या शेजारी उभ्या राहा. मी बोलायला लागेन आणि मधेच थांबेन, मला माझी खात्री नाही. थांबलो तर पुढचं तुम्ही बोला. फोटो उलटा छापला होता, बाई खरं बोलत होत्या, एवढंच. आणि त्याआधी सुनांना, शेजारच्या बायकांना, असतील तेवढ्यांना ओसरीवर बोलवा. त्या दिवशी माझ्या दुकानात सात माणसं होती. तेवढी तरी हवीत."