दुसऱ्या घराची वर्गणी

बाबांनी खामगावला दुसरं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या बीबी गावात पारावर बसणारे म्हणायचे, "एक तं गळून राह्यलं, अन् हा दुसरं घेऊन राह्यला." आमचं घर गळत होतं हे खरं आहे. पण त्या दोन वर्षांत मिरची चांगली झाली होती. मिरची विकायला बाबा खामगावला जायचे. तिथल्या अडत्याने त्यांना सांगितलं, की गावाबाहेर नोकरदार लोकांनी मिळून एक सोसायटी केली आहे, तिच्यातल्या एका मास्तरांची बदली झाली आहे आणि ते घर विकणार आहेत.

घर हवं होतं ते माझ्या बहिणीसाठी. गावची शाळा सातवीला संपायची. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होतो आणि वसतिगृहात राहायचो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सगळे मला हुशार समजत. खरी हुशार बहीण होती. माझ्या जुन्या पुस्तकातली जी गणितं मला अडली होती, ती ती चुलीपाशी बसून सोडवायची. बाबांना गणित कळत नव्हतं, पण मी अडलो आणि ती अडली नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं. आमची आत्या विधवा होऊन आमच्याकडेच राहत असे. ती म्हणाली, "मी राह्यतो पोरीसंगं. शिकू द्या तिले." म्हणून घर.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. सहकार हा शब्द तेव्हा सगळीकडे ऐकू यायचा, पण सहकारी घर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. व्यवहाराआधी मी आणि बाबा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते, बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी संस्थेच्या नियमांचं पुस्तक मला ओसरीत बसून वाचू दिलं. मी सावकाश वाचलं. जे कळलं नाही ते विचारलं. त्यांनाही कोणी विचारतंय याचं बरं वाटलं असावं, कारण त्यांनी प्रत्येक कलम समजावून सांगितलं.

घर विकत घेतलं तरी खर्च तिथे संपत नव्हता. सोसायटीत सामायिक विहीर होती, तिच्यावर पंप, वर टाकी आणि टाकीवरून प्रत्येक घराला नळ. रस्त्यावर दिवे होते. झाडणारी बाई होती, रात्रीचा राखणदार होता. या सगळ्यासाठी प्रत्येक घराने दरमहा वर्गणी द्यायची. शिवाय थोडी रक्कम राखीव निधीत जायची, म्हणजे पुढेमागे टाकी फुटली किंवा पंप जळला तर एकदम कोणावर बोजा नको. घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं तर त्याची फी वेगळी. आधीच्या मालकाची थकबाकी असेल तर ती घरासोबत नव्या मालकाकडे यायची. आणि मालक स्वतः राहत नसेल तर वर्गणी दुप्पट.

परत येताना स्टँडवर मी हे सगळं बाबांना सांगितलं.

"मास्तरनं थकवलेलं आपन काऊन भराचं?" बाबा म्हणाले.

"तसा नियम आहे. किमतीतून कापून घ्यायला सांगू त्यांना."

"हाव, ते सांग. अन् हे दुप्पट कायचं?"

"मालक तिथं राहत नसला तर."

"पोरगी राह्यते ना माही. घर काय बंद राह्यनार हाय?" मग ते म्हणाले, "वर्गनी हाय म्हन ना. आपल्या गावात नाई का देत?"

मी हो म्हणालो. मी असंही म्हणालो, की ही वर्गणी महिन्याच्या महिन्याला द्यावी लागते. त्यांनी मान हलवली. त्यांनी माझं ऐकलं होतं, पण त्यांना जे माहीत होतं त्याच्यापुढे माझं सांगणं फार नवं होतं.

आमच्या गावात वर्गणी दिली जायची ती माल घरी आल्यावर. मंदिराचा पत्रा असो, शाळेची भिंत असो, ज्याच्याकडे पैसे असतील तो पैसे देई, ज्याच्याकडे बैल असतील तो चार खेपा दगड आणून टाकी. दोघांचं सारखंच मानलं जाई. शेतात तर पैशाचा प्रश्नच नसे. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात ये. याला सावड म्हणतात. सावडीत एक गोष्ट फार सांभाळावी लागते: आपण केलेलं काम कधी तोंडाने बोलून दाखवायचं नाही. ज्याच्यासाठी केलं त्याने ते लक्षात ठेवायचं असतं. बोलून दाखवलं की केलेलं सगळं गेलं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. बाबा मिरची विकायला आले की वर्षाची वर्गणी एकदम देऊन जायचे. सेक्रेटरी थोडे कुरकुरायचे, पण घ्यायचे. दुपटीचा विषय त्यांनी काढला नाही. बहीण कन्याशाळेत पहिल्या तिघींत असायची. मी सुटीच्या दिवशी अकोल्याहून जायचो, तेव्हा ती मलाच प्रश्न घालायची. "दादा, तुले बीजगनित येते म्हन कॉलेजात," असं म्हणून एखादं उदाहरण पुढे सरकवायची आणि मी घामाघूम होईपर्यंत आत्याला डोळ्याने खुणा करायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं. पंप चिखल ओढू लागला. सोसायटीने सभा भरवली आणि गाळ काढायला, खाली खडक लागला तर तो फोडायला प्रत्येक घराकडून जादा वर्गणी घ्यायचं ठरवलं. बाबा नेमके त्या दिवशी खामगावात होते. ते सभेत शेवटी उभे राहून म्हणाले, "पैसे कायले जमा करता? मी पाह्यतो विहिरीचं."

ते गावाहून माणसं घेऊन आले. सगळे आमच्याच सावडीतले, मजूर कोणीच नव्हता. दोर, टोपली, पहारी एसटीच्या टपावर टाकून आणल्या. आमच्या घराच्या ओसरीत ते झोपले, आत्याने त्यांच्या भाकरी केल्या. बाबा स्वतः विहिरीत उतरायचे. सोसायटीतली माणसं कचेरीतून आली की काठावर उभी राहून पाहायची. एकदा वरून कोणीतरी म्हणालं, "मामा, सांभाळून, तुमच्याशिवाय आमचं कसं व्हायचं?" खालून आवाज आला, "माह्याशिवाय काई अडत नाई, चहा पाठवा म्हंजे झालं." सगळे हसले. त्या आठवड्यात त्या सोसायटीतला सगळ्यात मोठा माणूस कोण, असं विचारलं असतं तर मी बाबांकडे बोट दाखवलं असतं. खडक फुटला, झरा मोकळा झाला. सेक्रेटरींनी स्वतः पहिला पेला बाबांना दिला.

त्यानंतर बाबांनी वर्गणी पाठवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आपलं झालं."

"नाही झालं, बाबा. ते काम वेगळं, वर्गणी वेगळी."

"तुले काय मालूम? पानी कोनाच्या हातानं आलं त्याईले दिसते ना."

"मग मी सेक्रेटरींना सांगून येतो, की बाबांनी ते काम वर्गणीत धरलं आहे. लिहून घेतो."

बाबा माझ्याकडे असे पाहू लागले, जसं काही मी घाणेरडं बोललो होतो. "केलेलं बोलून दाखवाले जाशील? आपल्या घरचा मानूस?" ते म्हणाले. "तोंड उघडजो नको तिथं."

मी तोंड उघडलं नाही. त्यांच्या शब्दाबाहेर जाणं मला तेव्हा शक्यच नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या घरचा नळ बंद झाला. बाकी सगळे नळ चालू होते. सेक्रेटरींनी आत्याला सभ्यपणे सांगितलं, की थकबाकीदारांचं पाणी तोडायचा ठराव आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. विहिरीवर लोखंडी जाळी होती, तिला कुलूप. आत्या आणि बहीण नगरपालिकेच्या नळावरून पाणी आणू लागल्या. तो बराच लांब होता. बहीण दहावीत होती; मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. सकाळी दोन खेपा करून शाळेत जायची, आल्यावर पुन्हा दोन. शेजारच्या घरातून कोणी एक बादलीही दिली नाही असं नाही. एक बाई द्यायची, पण नवरा घरी नसताना.

मला हे कळलं ते पुढच्या सुटीत. मी बाबांना पत्र टाकलं. ते पुढच्याच सभेला आले, धुतलेलं धोतर नेसून, खिशात पैसे घेऊन. मी त्यांच्या मागे बसलो.

सेक्रेटरींनी आमच्या घराची थकबाकी वाचून दाखवली. ती दुप्पट दराने धरली होती, कारण मालक स्वतः राहत नव्हता. दंडही होता. शेवटी विहिरीच्या कामाची जादा वर्गणीही होती. ती सोसायटीने नंतर जाळीसाठी आणि नव्या पंपासाठी घेतली होती.

बाबा वाट पाहत होते. कोणीतरी उठेल आणि म्हणेल, अशी वाट. मला त्यांच्या मानेवरून ते कळत होतं. शेवटी एक तरुण मास्तर म्हणाले, "पण मामांनी विहीर..."

"त्याबद्दल संस्था त्यांची आभारी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आपण आभाराचा ठराव केला आहे. सर्वानुमते."

"ठरावात वर्गणी वळती करायचं म्हटलेलं नाही," दुसरे एकजण म्हणाले. "तसं असतं तर त्यांनी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"अन् दुप्पट?" बाबा पहिल्यांदा बोलले. "पोरगी राह्यते माही."

"नियम मालकाबद्दल आहे, मामा. मालक तुम्ही. मुलगी नियमाप्रमाणे पाहुणीच."

मागून एकजण पुटपुटला, "गावचे लोक. यांना सगळं फुकट लागतं." आवाज फार मोठा नव्हता, पण खोली लहान होती.

बाबा उठले. टेबलापाशी जाऊन त्यांनी पैसे ठेवले, दंडासकट. पावती मिळेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "घर विकाचं हाय. गिऱ्हाईक पाहा."

तो राग मला समजला होता. त्या खोलीत मलाही बसवत नव्हतं. सेक्रेटरी खोटं बोलले नव्हते, नियमाबाहेर एक अक्षर बोलले नव्हते, आणि तरी मला त्यांचा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही. पण खरी कडू गोष्ट पुढेच आहे, आणि ती सोसायटीबद्दल नाही.

नळ त्याच संध्याकाळी सुरू झाला. बहिणीने हंडे भरले, घागरी भरल्या, आणि चेहरा धुऊन अभ्यासाला बसली. तिला वाटलं, झालं. बाबांनी आत्याला सांगितलं, सामान बांध. परवा निघायचं.

"बाबा, पैसे तर भरले," मी म्हणालो. "आता कोणी काही म्हणणार नाही. तिचं एकच वर्ष राहिलं यानंतर. मॅट्रिक होऊ द्या, मग विका."

"जिथं माही पोरगी पाहुनी, तिथं ठेवत नाई मी."

"मेहकरच्या शाळेत घालू. ओळखीचं घर पाहू."

"लोकाच्या घरी? आता पुरे झालं शिक्षन."

आत्या बाबांना म्हणाली, "दादा, पोरगी हुशार हाय बाप्पा, असं नका करू." बाबा तिच्याकडे न पाहता बाहेर गेले.

बहिणीने माझ्याकडे वळून विचारलं, "दादा, तुह्या वसतिगृहाचे पैसे कसे देतेत बाबा?"

"महिन्याला."

"पान्याचे, जेवनाचे, खोलीचे सगळे?"

"हो."

"उशीर झाला तं?"

"दंड बसतो."

"मंग तवा बाबाचा अपमान नाई होत?"

माझा वसतिगृहाचा दंड बाबांनी एकदा भरला होता आणि वर म्हणाले होते, कचेरीचं काम असंच असते. माझ्यासाठी ते कचेरीचं काम होतं. तिच्यासाठी तोच पैसा अब्रूवर आला. मी बाबांच्या मागे जाऊन हे त्यांना म्हणून पाहिलं, अगदी याच शब्दांत. ते म्हणाले, "तुही गोष्ट अलग हाय." का अलग, ते मी विचारलं तेव्हा त्यांनी बिडी पेटवली.

तिसऱ्या दिवशी ते सगळे बीबीच्या गाडीत बसले. घर पुढे एका कापसाच्या व्यापाऱ्याने घेतलं. नाव बदलण्याची फी नियमाप्रमाणे नव्या मालकाने भरली.

शाळेतून दाखला काढायचं काम माझ्याकडे आलं. मुख्याध्यापिका बाईंनी मला बसवलं आणि विचारलं, मुलीचं लग्न ठरलं का? मी नाही म्हणालो. घरी कोणी आजारी आहे का? नाही. मग? मी सोसायटीचं सांगायला सुरुवात केली, विहिरीचं सांगितलं, वर्गणीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण मधेच त्यांनी विचारलं, "म्हणजे पैसे नव्हते?"

"पैसे होते," मी म्हणालो. त्यांनी कारणाच्या जागी 'पालकांची इच्छा' असं लिहिलं.

दाखला घेऊन मी गावी गेलो. बहीण मिरचीच्या वाफ्यांना पाणी देत होती. हात पुसून तिने कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. प्रगती उत्तम, वर्तणूक उत्तम. मग घडी घालून माझ्याकडे परत दिला.

"तूच ठेव," ती म्हणाली. "तुह्या कागदाईत."