हबच्या टोपीवरचा पिवळा ठिपका

२००१ साल. मला चौपन्नावं चालू होतं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही धड नाही. पण ट्रकचं पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवलं की आतलं बेअरिंग किती खाल्लंय ते मी सांगायचो, आणि खोलल्यावर तेवढंच निघायचं. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

गोखिवऱ्याला रस्त्याला लागून माझं आणि माझ्या साडूचं पत्र्याचं गॅरेज होतं. सतरा वर्षं आम्ही ते चालवलं. चाकं आणि ब्रेक माझ्याकडे, इंजिन आणि वायरिंग त्याच्याकडे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे दुपारचा डबासुद्धा दोघांचा एकच यायचा. माझा एक नेम होता. ज्याने चाक खोललं त्यानेच बंद करायचं, आणि बंद केल्यावर चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या टोपीवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. तो ठिपका दिसला की ड्रायव्हर लोक खाली वाकून बघायचेही नाहीत. गाडीत चढायचे आणि निघायचे.

त्या वर्षी जूचंद्रचा एक ड्रायव्हर खडीचा ट्रक घेऊन आला. माझा गाववाला, लहानपणी एकाच खाडीत चिंबोऱ्या धरलेला. ट्रक जुना, मालक शेठ दुसराच.

"डावा पुढचा घरघर करतंय," तो म्हणाला. "नं ब्रेकचा लाल दिवा इझतच नाय."

"दिवा इझवायला आलास का ब्रेक करायला?"

"दोनी कर नं बाबा! सकालपासून डोल्यात जातंय."

इंजिन बंद करून मी खाली कान लावला. पुढच्या ब्रेकच्या पाइपाजवळ बारीक सुसू आवाज येत होता. हवा गळत होती. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, टाकीत हवा कमी पडली की दिवा लागतो. म्हणजे दिवा खरं बोलत होता. साडू म्हणाला, "काही नाही भाऊ, दिव्याचा स्विच खराब असेल." मी म्हटलं, "आधी हवा बघ, मग स्विच." मग चाक खोललं. बेअरिंग तर गेलेलंच, पण ते ज्या हबमध्ये बसतं त्या हबची जागाच झिजून सैल झालेली. अशा हबात नवं बेअरिंग घातलं तरी ते आत फिरत राहतं. हबच बदलायला हवा होता. शेठने नवा हब पाठवला. तो खोक्यातून काढून मी फडक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी गावात चुलत्याचं तेरावं होतं. जाताना साडूला बजावलं, "चाक असंच ठेव. संध्याकाळी येऊन मी बंद करतो."

"जा तुम्ही निवांत," तो म्हणाला.

संध्याकाळी आलो तर ट्रक गेलेला. साडू हात धूत होता. म्हणाला, "शेठचा माणूस बोंबलत होता. नवा हब बसवला, हवेची गळती काढली, दिवा गेला. तुमच्यासारखंच केलं सगळं." मला राग यायला हवा होता. नेम मोडला होता. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. सतरा वर्षांनी का होईना, हा आपल्यासारखं काम शिकला, असं वाटलं. माणूस खूश झाला की बघायचं विसरतो.

तिसऱ्या दिवशी खडीने भरलेला तो ट्रक उतारावर ब्रेक न लागून उजवीकडे ओढला गेला आणि नाल्याच्या कठड्यावर चढला. समोर कोणी नव्हतं हे नशीब. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं.

मी त्याच्या घरी गेलो. ओटीवर बसला होता, डोक्याला पट्टी. मला बघून उठला नाही.

"शेठ बोलतंय मी पिऊन चालवत होतो," तो म्हणाला. "उद्या पोलिसात तसा लिवून देनार हाय. मंग माजा लायसन गेला. ह्या वयात मना कोन गारी देल?"

"तू पिलेला?"

"माजी बायको हितंच बसलीय, तिला इचार."

बायको उंबऱ्यावरून म्हणाली, "माळ घातल्याला चार वरसां झाली त्यानला. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. मग त्याने बाकीचं सांगितलं. चावी फिरवल्यावर तो लाल दिवा एकदा पेटतो, हवा भरली की विझतो. गॅरेजमधून गाडी नेली त्या दिवशी तो पेटलाच नव्हता. त्याने साडूला विचारलं, तर साडू म्हणाला नवीन वायरिंग आहे, असंच असतं.

"नं तू गप ऐकलास?"

"तुजा ठिपका होता टोपीवर," तो म्हणाला. "दिव्यापेक्षा मी त्याच्यावर इस्वास ठेवला."

तिथून सरळ शेठच्या आवारात गेलो. ट्रक उभा होता. डाव्या चाकाच्या टोपीवर ठिपका होता. माझाच रंग, माझ्याच डब्यातला. टोपी काढली, चाक उतरवलं. आत जुना हब. सैल जागेत पकड यावी म्हणून पंच मारून खळगे पाडलेले, त्यात नवं बेअरिंग ठोकून बसवलेलं. चाक डगमगून ग्रीसचं सील फाटलं होतं आणि ब्रेकच्या लायनरवर ग्रीस पसरून तो घसरत होता. पाइपातली गळती तशीच. केबिनमध्ये चढून दिव्याची काच काढली. आत बल्बच नव्हता.

साडूसमोर गेलो तेव्हा तो चहा पीत होता. मी विचारलं, "नवा हब कुठंय?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "तुम्ही तेराव्याला गेलात त्याच दिवशी आठ गाड्यांवाला आला. त्याचा ट्रक अडला होता, हब तोच लागत होता. त्याला बसवला. मोठं गिऱ्हाईक आहे भाऊ. ह्याला नवीन आणून चार दिवसांनी बसवणार होतो."

"आणि ठिपका?"

"ठिपक्याशिवाय तुमचा ड्रायव्हर गाडी नेत नव्हता."

"बल्ब?"

"दिवा चालू दिसला असता तर नेली असती का?"

तो कप खाली ठेवून जवळ आला, आवाज मऊ केला. "हे बघा, ड्रायव्हर काय, दुसरीकडे लागेल. तुम्ही तोंड उघडलंत तर गॅरेज बंद. घरात दोघी बहिणी आहेत, त्यांचं काय करायचं? आणि कोण मानणार? ठिपका तुमचा आहे."

मी त्याला मारलं नाही. लोकांना अजून वाटतं मारलं. हात उचलला असता तर तेवढ्यावर मिटलं असतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं. घरी बायकोला सांगितलं. तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "माझ्या बहिणीचा विचार करू नका असं मी कसं म्हणू? पण करा असंही म्हणत नाही." ह्या बाबतीत त्याहून जास्त ती आजवर बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी शेठच्या ऑफिसात गेलो. तो पोलिसांकडे न्यायचा कागद तयारच करत होता. खुर्ची दिली, बसलो नाही. म्हटलं, ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, गाडी आमच्या गॅरेजमधून खोटी दुरुस्त करून दिली होती, चला, चाक उघडं ठेवलंय, डोळ्यांनी बघा. तो आला, बघितलं, बल्बच्या रिकाम्या जागेत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "हे लिहून देशील?" त्याचा कारकून पेन घेऊन पुढे झाला, तो लिहून देणार आणि मी अंगठा करणार असं त्याला वाटलं असावं. मी कागद आपल्याकडे ओढला आणि माझ्याच हाताने लिहिलं. सहा ओळींना अर्धा तास लागला. साडूचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली माझं.