बाजाराच्या दिवशी मालवणची गाडी

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

उद्या आईचं बारावं. सामान आणायला मालवणला जायचं होतं आणि दुपारी दुकानं बंद होतात. सकाळची गाडी रद्द. का, ते स्टॉपवर कोणालाच माहीत नाही. पुढची आली, तीही उशिरा.

कशीबशी चढले, तर गाडी हलेना. ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवतोय. मागून एक काका ओरडले, "सोडतंस काय रे, की हंयच जेवान घालतंस?"

कंडक्टर म्हणाला, "दम धरा काकानू. बाजाराचो दिस आसा. आजी येवची आसा, तिका चलाक येळ लागता."

मी वैतागले. एका बाईसाठी सगळी गाडी अडवायची? "कोण आजी?" मी विचारलं.

"ती वरच्या घरातली. अळवाची जुडी घेवन येता. गेल्या बाजाराक दिसाक नाय, आज येतली."

मी म्हटलं, "ती माझी आई. ती वारली."

हॉर्न थांबला. गाडी तरीही लगेच सुटली नाही.

दुकान बंद होता होता सामान मिळालं. रद्द झालेल्या गाडीचा राग अजून आहेच. पण मुंबईपासून गोव्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना आम्ही फोन केले होते आणि दर आठवड्याला तिच्यासाठी थांबणाऱ्या या दोघांना कळवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

तुमच्याकडे कोणी गेलं, की तुम्ही कोणाकोणाला कळवता?