सात घरचा चहा

जिल्ह्याचं एचआयव्हीचं काम सांभाळणाऱ्या बाई दर महिन्याला चामोर्शीत आमच्या गल्लीत येतात. सात घरं आहेत, एकही सोडत नाहीत. प्रत्येक घरी आजाराची माहिती सांगतात, सुनेचं कौतुक करतात आणि चहाची बशी फुर्रकन रिकामी करून म्हणतात, "साखर मस्त पडली व माय!"

शेजारचे भाऊ हसतात. "या बाईले घरी चहा नाई भेटत काय?"

पाचवं घर माझं. तिथे बाई खुर्चीत धपकन बसतात. गल्लीत ज्यांचा कोणालाच पत्ता नाही, त्या माझ्या महिन्याच्या गोळ्या पिशवीतून काढून माझ्या हातात देतात.

"नुसतं पाणी द्या भाऊ. मले चहा आवडतच नाई, अन् अजून दोन घरं बाकी हायेत."